आवाज कसा येतो ते राहू द्या, कधी येतो ते सांगा

या वेळी सगळी पत्रं जुन्या लक्झरी गाड्यांची घेतलीत, साधारण १९०५ ते १९३० मधल्या. आधीच एक सांगून टाकतो. पत्रांत आवाजाचं वर्णन भरपूर असतं, टकटक, खडखड, घरघर, कुणी कुणी तर अर्धं पान त्यावरच खर्च करतं. पण इंजिन थंड असताना येतो का तापल्यावर, गाडी उभी असताना का पळताना, चढावर वाढतो का ॲक्सिलरेटर सोडल्यावर, हे कुणीच लिहीत नाही आणि घोडं तिथेच अडतं. वेळ कळली की निम्मं निदान झालं समजा.

प्रश्न: नमस्कार सर. मी ज्यांच्या गाड्या सांभाळतो त्यांच्याकडे १९१३ ची रोल्स-रॉईस सिल्व्हर घोस्ट आहे. आयडलिंगला इंजिनातून टक टक ऐकू येतं, पळताना येत नाही. मिस्त्री म्हणतो बिगएंड बेअरिंग (पिस्टनचा रॉड क्रँकला जोडतो तिथलं) गेलंय, इंजिन खोलावं लागेल. खोलू का?

उत्तर: एवढ्यात नको. घोस्टचं इंजिन खोलणं म्हणजे हेड उचलून आत बघणं नाही, हेड वेगळं निघतच नाही त्यात. तीन-तीन सिलिंडरचे दोन ब्लॉक आणि हेड ब्लॉकसकट एकत्रच ओतलेलं, व्हॉल्व्ह बघायचे तर वरच्या आट्याच्या टोप्या सोडायच्या आणि पिस्टन बघायचे तर अख्खा ब्लॉक उचलायचा. शंभर वर्षांपूर्वीचं ओतीव काम ते, एक स्टड तुटला तरी आठवडे जातात. मिस्त्रींनी कशावरून बेअरिंग म्हटलं ते आधी विचारा.

तुमच्या पत्रातली कामाची गोष्ट एकच, आवाज आयडलिंगला येतो आणि पळताना जातो. सैल बिगएंड सहसा असा वागत नाही. तो आयडलिंगला गप्पसुद्धा बसेल, पण मध्यम वेगाला हलक्या पायावर, इंजिन गाडीला ओढायचं थांबतं आणि गाडीच इंजिनाला फिरवायला लागते ना, नेमका तेव्हा ठोके देतो. मेन बेअरिंग (क्रँक ज्यावर फिरतो ते) असेल तर आवाज जड, खोलातून येणारा, लोड आला की येणार आणि बहुतेक वेळा ऑइल प्रेशरचा काटाही खाली गेलेला दिसणार. पिस्टन सिलिंडरमध्ये सैल असेल तर सकाळी थंड इंजिनावर आपटल्यासारखा आवाज आणि इंजिन तापलं की गायब, ॲल्युमिनियमचे पिस्टन नंतर बसवले असतील तर हे हमखास, त्यात घाबरायचं काही नाही.

तेव्हा आधी टॅपेट बघा, म्हणजे व्हॉल्व्हच्या दांड्याला ढकलणारे तुकडे. घोस्ट इतकी सावकाश आयडल होते की आवाज चक्क मोजता येतो. क्रँक दोन फेरे मारतो तेव्हा एक व्हॉल्व्ह एकदा उघडतो, म्हणजे टॅपेटचा आवाज इंजिनाच्या निम्म्या चालीने येणार. इंजिन चालू ठेवून फीलर गेजची पातळ पात टॅपेट आणि व्हॉल्व्हच्या दांड्याच्या फटीत हळूच सरकवा, एकेका टॅपेटला. ज्याच्यावर आवाज एकदम दबला तो सापडला. फट मात्र कंपनीने दिली तेवढीच ठेवा. आवाज जावा म्हणून टॅपेट टाइट करणारे खूप भेटतात, गाडी शांत होते, मालक खूश होतो आणि काही महिन्यांत व्हॉल्व्ह नीट बसत नाही म्हणून जळतो, मग कॉम्प्रेशन जातं आणि गाडी ओढत नाही म्हणून वेगळं पत्र येतं.

टॅपेट निर्दोष निघाले तर एकेक सिलिंडर कट करून बघायचं, आणि इथे घोस्टमध्ये एक गंमत आहे जी बऱ्याच जणांना माहीतच नसते. प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग आहेत, एक मॅग्नेटोचा (इंजिनाने फिरून स्वतःच स्पार्कची वीज तयार करतो तो) आणि एक बॅटरी-कॉइलचा. दोन्ही चालू ठेवून एक प्लग कट केला तर दुसरा मिश्रण पेटवतोच, फरक काही पडत नाही, आणि मिस्त्री म्हणतो बघा, कुठलाही प्लग काढा आवाज सारखाच! तर स्विच एकाच इग्निशनवर घ्या आणि मग लाकडी मुठीचा स्क्रूड्रायव्हर घेऊन, आधी टोक ब्लॉकला टेकवा, मग दांडा प्लगच्या डोक्याला लावा म्हणजे स्पार्क अर्थ होईल. वायर काढून नुसती लोंबती ठेवू नका, मॅग्नेटोच्या वाइंडिंगचं इन्शुलेशन तिथून फुटतं. सिलिंडर कट झाल्यावर आवाज कमी झाला तर त्या सिलिंडरचा बिगएंड किंवा पिस्टन, आवाज दुहेरी झाला तर गजन पिन (पिस्टन रॉडला जोडणारी), आणि काहीच फरक नाही तर दोष बहुधा पिस्टन-कनेक्टिंग रॉडमध्ये नाहीच, टायमिंगची दातेरी चाकं, पंप, पंखा, डायनॅमो बसवला असेल तर तो, तिकडे शोधा. लांब लाकडी दांडकं कानाला लावून ब्लॉकवर ठिकठिकाणी टेकवलं की जागा सापडते, स्टेथोस्कोप असेल तर उत्तमच.

हेच दोन इग्निशन कामगिरी तपासायलाही उपयोगी पडतात. नुसत्या मॅग्नेटोवर गाडी मरगळते आणि नुसत्या कॉइलवर नीट चालते असं असेल तर भानगड इग्निशनमध्ये, दोन्हींवर सारखीच मरगळत असेल तर पेट्रोल, हवा किंवा कॉम्प्रेशन. कॉम्प्रेशन मोजलंत आणि गेजवर ५०-६० पौंड दिसले तर तोंड पाडून बसू नका, त्या काळी कॉम्प्रेशन रेशोच चारच्या आसपास किंवा त्याहून कमी असायचा, आकडा केवढा त्यापेक्षा सहाही सिलिंडर एकमेकांशी जुळतात का ते बघा. आणि एवढं सगळं करूनही बिगएंडच निघाला तर मात्र गाडी चालवू नका, व्हाइटमेटल (बेअरिंगमधला मऊ धातू) एकदा वितळायला लागलं की क्रँकही खातं. तेव्हासुद्धा आधी खालून सम्प (ऑइलचं भांडं) उतरवून बघा, ब्लॉक उचलायची घाई नको.

प्रश्न: १९११ ची डेलॉने-बेलव्हील, सहा सिलिंडर. पिकअप अजिबात नाही, चढावर दम टाकते, रेडिएटर उकळतो आणि रात्री एक्झॉस्ट मॅनिफोल्ड लालसर दिसतो. कार्बोरेटर तीनदा साफ केला, जेट बदलला, रेडिएटरही फ्लश केला. आता पंप बदलायचा विचार आहे.

उत्तर: आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. मॅनिफोल्ड लाल होतोय म्हणजे मिश्रण सिलिंडरमध्ये जळून संपतच नाहीये, उरलेलं एक्झॉस्टमध्ये जळतंय, त्याची ताकद पिस्टनला मिळत नाही आणि उष्णता मात्र सगळी पाण्यात जाते. मिश्रण फार पातळ असेल तरी हे होतं, पण जेट तुम्ही बदलून बसलात, तेव्हा माझं बोट इग्निशन टायमिंगकडे. स्पार्क उशिरा पडतोय.

या गाड्यांमध्ये स्पार्क पुढे-मागे करायचा लिव्हर स्टेअरिंगवर ड्रायव्हरच्या हातात असतो. आजकालच्या ड्रायव्हरला त्याची सवय नसते, गाडी हँडलने सुरू करताना लिव्हर मागे घेतात, घ्यायलाच पाहिजे, नाहीतर हँडल उलटा फटका मारून मनगट मोडतं, पण सुरू झाल्यावर पुढे करायचं विसरतात आणि दिवसभर तशीच गाडी हाकतात. ते तुमचं होत नसेल असं धरलं तरी लिव्हर पुढे केल्यावर खाली मॅग्नेटोचा कॉन्टॅक्ट ब्रेकर (ज्यातले पॉइंट उघडले की स्पार्क पडतो तो) खरंच पूर्ण फिरतो का ते बोनेट उघडून डोळ्यांनी बघा. एकाने लिव्हर हलवायचा, दुसऱ्याने वाकून बघायचं. मधल्या काड्या आणि बॉल जॉइंट झिजलेले असतात, वर लिव्हर पूर्ण फिरतो आणि खाली निम्माच. किंवा रिस्टोअर करताना कुणीतरी मॅग्नेटोचं कपलिंग एक दात चुकवून बसवलेलं असतं. एक नंबरचा पिस्टन वर आणून, लिव्हर पूर्ण मागे ठेवून पॉइंट कुठे उघडतात ते तपासा, साधारण पिस्टन अगदी वर असताना किंवा जरासं नंतर उघडायला हवेत. पॉइंट उघडतात तो क्षण सिगारेटच्या पातळ कागदाने पकडता येतो, कागद पॉइंटमध्ये धरा आणि क्रँक हळू फिरवा, कागद सुटला की झालं.

टायमिंग बरोबर निघालं तर सायलेन्सर. वर्षानुवर्षं उभ्या गाडीच्या सायलेन्सरमध्ये उंदरांनी संसार थाटलेला मी पाहिलाय, आतल्या जाळ्या गंजून पडतात ते वेगळंच. अशा गाडीत इंजिन सुरुवातीला रेस होतं आणि तसंच धरून ठेवलं तर आपोआप गुदमरायला लागतं. पाइप सायलेन्सरच्या आधी सोडून एकदा ओढून बघा, आवाज कानठळ्या बसवेल पण पाच मिनिटांत उत्तर मिळेल. पंप यात कुठेच येत नाही.

प्रश्न: १९१४ ची मर्सिडीज. सकाळी एका हँडलात सुरू होते, अर्धा तास झकास चालते, मग मिसिंग सुरू होतं आणि बंद पडते. तासभर थांबलं की परत पहिल्यासारखी. सगळे म्हणतात पेट्रोल उकळतंय, व्हेपर लॉक आहे. पाइपला ओलं फडकं गुंडाळलं, काही उपयोग नाही.

उत्तर: व्हेपर लॉक होतो हे खरंय, आजचं पेट्रोल त्या काळच्या गाड्यांच्या मानाने लवकर उकळतं आणि पाइप मॅनिफोल्डजवळून गेला असेल तर जास्तच. पण फडक्याने फरक नाही म्हणता, तर मला मॅग्नेटोवर संशय आहे. जुन्या मॅग्नेटोच्या आर्मेचरमध्ये शेलॅक (लाखेचं रोगण) लावलेलं वाइंडिंग आणि एक कंडेन्सर असतो, दोघंही वयाने थकलेले. थंड असताना काम करतात, इंजिनाच्या उष्णतेने तापले की इन्शुलेशन गळायला लागतं आणि स्पार्क पिवळट, बारीक होतो. गार झालं की परत शहाणे.

ओळखायचं कसं, तर बंद पडली की तिथल्या तिथे, गार व्हायच्या आत, दोन गोष्टी बघा. कार्बोरेटरच्या फ्लोट चेंबरमध्ये पेट्रोल आहे का, आणि प्लग काढून ब्लॉकवर टेकवून हँडल मारल्यावर स्पार्क कसा पडतो (सांडलेल्या पेट्रोलपासून लांब, हे वेगळं सांगायला नको). पेट्रोल भरलेलं आणि स्पार्क मेलेला, म्हणजे मॅग्नेटो. तासाभराने बघितलंत तर दोन्ही ठीकच दिसणार आणि तुम्ही परत कार्बोरेटर खोलत बसणार.

मॅग्नेटो रिवाइंडला पाठवायच्या आधी मात्र फुकटातल्या दोन गोष्टी करा. मॅग्नेटो बंद करायचा स्विच तो अर्थ करून बंद करतो, उलट असतं इथे, म्हणून त्या वायरचं कव्हर कुठे घासलं असेल तर गाडी हलली की वायर चेसिसला लागते आणि इंजिन मिस मारतं. ती वायर मॅग्नेटोवरून सोडा आणि चालवून बघा, फक्त लक्षात ठेवा मग स्विचने इंजिन बंद होणार नाही, पेट्रोल तोडून बंद करावं लागेल. दुसरं म्हणजे प्लगचा गॅप. हल्लीच्या गाडीच्या सवयीने कुणी ०.८ किंवा १ मि.मी. ठेवला असेल तर मॅग्नेटोला तो झेपत नाही, ०.५ च्या आसपास आणा. पॉइंटचा गॅप साधारण ०.४, कंपनीने वेगळा दिला असेल तर तो.

प्रश्न: काका, आमच्या वडिलांची १९२६ ची रोल्स-रॉईस ट्वेंटी आहे. सपाटीला सुरेख चालते. लांब चढ लागला की पहिला टप्पा आरामात चढते, मग खाकरायला लागते आणि दम तोडते. छोट्या चढांना काहीच होत नाही. इंजिनाला ताकदच कमी आहे का?

उत्तर: ताकद बेताचीच आहे, ३.१ लिटरचं इंजिन आणि वर जड बॉडी, पण ताकद कमी असती तर चढाच्या सुरुवातीलाच कळलं असतं. तुम्ही स्वतःच उत्तर लिहिलंय की, काही अंतर गेल्यावर बंद पडते. म्हणजे कुठला तरी साठा संपतोय.

बोनेटखाली फायरवॉलवर जो उभा डबा आहे तो ऑटोव्हॅक. मागच्या टाकीतलं पेट्रोल इंजिनच्या इनलेट मॅनिफोल्डच्या व्हॅक्यूमने या डब्यात ओढलं जातं आणि तिथून आपल्या वजनाने कार्बोरेटरला उतरतं. आता चढावर तुम्ही थ्रॉटल पूर्ण उघडून धरला की मॅनिफोल्डमधला व्हॅक्यूम जवळपास नाहीसा होतो, डबा भरायचा थांबतो, आत साठलंय तेवढ्यावर गाडी चढते आणि ते संपलं की खाकरते. छोट्या चढात साठा पुरतो म्हणून तक्रार नाही.

पुढच्या वेळी खाकरायला लागली की वेळेवर खालचा गिअर घ्या आणि थ्रॉटल थोडा मिटा, इंजिन जोरात फिरेल पण पाय हलका राहील. काही सेकंदांत सावरली तर निदान पक्कं. जुने ड्रायव्हर लांब चढावर मधूनमधून पाय उचलायचे ते याचसाठी. पण नीट ऑटोव्हॅकने एवढा त्रास द्यायला नको, म्हणून डबा बघाच. मॅनिफोल्डपासून येणाऱ्या बारीक पाइपचे जोड एअर घेतायत का, मागच्या टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक आणि डब्याचं स्वतःचं हवेचं भोक बुजलंय का (रंगकाम करणारे हे हमखास बुजवतात), आतला छोटा फ्लॅप व्हॉल्व्ह नीट बसतो का. फ्लोटला बारीक छिद्र पडून तो बुडाला असेल तर उलटंच होतं, पेट्रोल थेट मॅनिफोल्डमध्ये ओढलं जातं, काळा धूर येतो आणि आयडलिंग बिघडतं. आणि ज्यांच्या गाडीत कॉर्कचा फ्लोट आहे त्यांनी इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलपासून सावध राहा, कॉर्कवरचा शेलॅकचा थर इथेनॉलमध्ये विरघळतो, कॉर्क पेट्रोल पितो, जड होतो आणि विरघळलेला शेलॅक जेटमध्ये जाऊन बसतो.

प्रश्न: १९१३ ची डेमलर आहे, निळा धूर खूप काढते आणि आतून हलकी टिकटिक येते. टॅपेटचं सेटिंग किती ठेवायचं?

उत्तर: टॅपेट नाहीतच हो त्यात! तुमचं इंजिन स्लीव्ह-व्हॉल्व्हचं, अमेरिकेच्या चार्ल्स नाईट यांच्या पद्धतीचं, जे ब्रिटनच्या डेमलरने १९०९ च्या मॉडेलपासून घेतलं. प्रत्येक सिलिंडरमध्ये एकात एक अशा दोन बाही, पिस्टनभोवती वर-खाली सरकणाऱ्या, त्यांची भोकं समोरासमोर आली की हवा आत किंवा धूर बाहेर. व्हॉल्व्ह आपटत नाहीत, स्प्रिंग नाहीत, म्हणून तर लोक या गाड्यांवर फिदा होते. रॉयल ऑटोमोबाइल क्लबने १९०९ मध्ये एक इंजिन १३२ तास सलग बेंचवर (गाडीबाहेर, चाचणीच्या मांडणीवर) चालवलं, मग ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवर पळवलं, मग परत बेंचवर घेतलं तर ताकद कमी व्हायच्या ऐवजी थोडी वाढलेली निघाली, त्या वर्षीची ड्युअर ट्रॉफी डेमलरला मिळाली ती यावरच.

बाहींना दोन्ही बाजूंनी ऑइल लागतं म्हणून थोडा निळा धूर हा या इंजिनाचा स्वभाव, तो शून्यावर आणायच्या नादाला लागू नका. खूप म्हणजे किती आणि कधी, ते बघा. या इंजिनांमध्ये कनेक्टिंग रॉडच्या खाली ऑइलच्या पन्हाळी असतात आणि त्या थ्रॉटलला जोडलेल्या असतात, थ्रॉटल उघडला की पन्हाळ वर येते आणि ऑइल जास्त उडतं. हा जोड वरच्या बाजूला अडकला असेल तर आयडलिंगलाही ढगच्या ढग निघतील. खाली अडकला असेल तर धूर छान कमी होईल आणि तुम्ही खूश व्हाल, पण जोरात चालवताना बाही कोरडी पडेल, ते जास्त धोक्याचं. म्हणून धूर अचानक थांबला तरी मला काळजी वाटते.

टिकटिक हलकी आणि एकसारखी असेल तर बाही हलवणाऱ्या छोट्या रॉडमध्ये किंवा ते रॉड चालवणाऱ्या शाफ्टच्या चेनमध्ये थोडी झीज आहे, चालवा, लक्ष ठेवा. एकदम खणखण आली तर त्याच जागी इंजिन बंद, बाहीचा कान (रॉड जोडायची जागा) तुटलेला असू शकतो. आणि थंड गाडी ढकलून किंवा दोरीने ओढून कधी सुरू करू नका. घट्ट झालेलं ऑइल बाही धरून ठेवतं, खालून रॉड ओढतो, आणि कान तुटतात ते असेच.

प्रश्न: कॅडिलॅक टाइप ६१, १९२२. एका ठरावीक स्पीडला सगळी गाडी झिणझिणते, फ्लोअरमध्ये आणि स्टेअरिंगमध्ये जाणवतं, त्याच्या वर-खाली गेलं की नाही. इंजिन माउंटिंग बदललं, पंखा बॅलन्स केला, प्रॉपेलर शाफ्ट तपासला. मित्राकडच्या १९२४ च्या कॅडिलॅकमध्ये हे अजिबात नाही, मग माझ्यातच का?

उत्तर: कारण दोन्हींचे क्रँक वेगळे आहेत. कॅडिलॅकने १९१४ मध्ये व्ही-८ आणली तेव्हा क्रँक सपाट होता, सगळे घाट (क्रँकची रॉड जोडायची वळणं) एकाच पातळीत, दोन चार-सिलिंडर इंजिनं एका क्रँकला जोडल्यासारखं. त्यात जी कंपनं उरतात ती इंजिनाला आडवी हलवतात, अमुक वेगाला चेसिसशी त्यांचा सूर जुळला की झिणझिण. १९२४ साठीच्या व्ही-६३ मध्ये क्रँकचे घाट ९० अंशांत दोन पातळ्यांत केले, वर वजनं लावली आणि तो त्रास गेला. तुमची गाडी १९२२ ची, तिने तसंच वागायला पाहिजे. तीव्रता पूर्वीइतकीच आहे ना एवढं बघा, हळूहळू वाढत असेल तर परत लिहा.

फरक कसा ओळखायचा हेही सांगतो, बाकीच्यांनाही उपयोगी आहे. न्यूट्रलमध्ये उभ्या गाडीत इंजिन त्याच वेगाला नेलं तरी येतं तर ते इंजिनाचं. उतारावर न्यूट्रल करून क्षणभर सोडली आणि तरीही त्याच स्पीडला आलं तर चाकं, टायर, शाफ्ट, म्हणजे रस्त्याच्या वेगाचं (रिकामा, सरळ रस्ता बघून करा, ब्रेक त्या काळचे आहेत).

सहा सिलिंडरवाल्यांना वेगळाच ताप असतो. लांबलचक क्रँक पिळवटतो आणि सुटतो, अमुक वेगाला ते इतकं वाढतं की दातेरी चाकं खडखडतात, सुरुवातीच्या काळात क्रँक मोडायचेसुद्धा. नेपियर गाड्या विकणाऱ्या एजसाहेबांनी तर त्या खडखडाटाला 'पॉवर रॅटल' असं नाव देऊन तोही गुण म्हणून खपवला, विक्रेता असावा तर असा! इलाज म्हणून क्रँकच्या पुढच्या टोकाला घर्षणावर चालणारा डॅम्पर आला, रोल्स-रॉईसचे रॉईस आणि लँचेस्टर गाड्यांचे लँचेस्टर दोघांनीही त्यावर काम केलं. तुमच्या सिक्समध्ये पूर्वी नसलेली खडखड एका वेगाला नव्याने सुरू झाली असेल तर तो डॅम्पर जाम झालाय किंवा फार सैल पडलाय, आधी तिकडे बघा. याला चालढकल नको, क्रँक दुसरा मिळत नाही.

प्रश्न: आवाज कमी व्हावा म्हणून जाड ऑइल घातलं तर चालेल का? एका गॅरेजवाल्याने सुचवलं.

उत्तर: आवाज कमी होईल, झीज कमी होणार नाही. थंड असताना जाड ऑइल बेअरिंगपर्यंत पोचायलाच वेळ लावतं. गाडी विकायची असेल तेव्हा लोक हे करतात. आणि तुमच्या इंजिनाला ऑइल फिल्टर नसेल आणि आतला चिखल कधी साफ केलेला नसेल तर हल्लीचं डिटर्जंटवालं ऑइल एकदम घालू नका, तळाशी बसलेला गाळ सुटतो आणि ऑइलच्या बारीक वाटा बुजवतो. आधी सम्प उतरवून धुवा, मग.

प्रश्न: दोन तक्रारी आहेत. एक, १९२४ ची लँचेस्टर फॉर्टी, मागच्या ॲक्सलचं ऑइल बदलल्यावर काही महिन्यांनी घूं घूं सुरू झालं, पूर्वी अगदी शांत होतं. दोन, पिअर्स-ॲरो, लाकडी चाकांची, हळू चालताना कुठून तरी कट्-कट् येतं, वेग वाढला की जवळ-जवळ येतं.

उत्तर: लँचेस्टरचं आधी. तिच्या मागच्या ॲक्सलमध्ये क्राउन-पिनियन ही नेहमीची दातेरी जोडी नाही, वर्म (स्क्रूसारख्या आट्यांचा गिअर) आहे, म्हणून तर ती इतकी शांत. पण वर्मचं चाक ब्राँझचं असतं. कुठलं ऑइल घातलंत ते डब्यावर बघा, जीएल-५ (गिअर ऑइलचा एक दर्जा) लिहिलेलं असेल तर त्यातली गंधकाची ॲडिटिव्ह पोलादाला चांगली पण ब्राँझला खातात. काढून टाका, निघालेलं ऑइल स्वच्छ काचेच्या बाटलीत धरा आणि उन्हात फिरवून बघा, सोनेरी चमकी तरंगताना दिसल्या तर चाक झिजायला लागलंय. वर्मसाठी चालणारं, पिवळ्या धातूला त्रास न देणारं ऑइल भरा. आवाज ॲक्सिलरेटर दाबल्यावरच येतो, का सोडल्यावर, का दोन्ही वेळा, हे नोंदवा. दोन्हींपैकी एकाच वेळी येत असेल तर वर्मच्या दात्यांची एकच बाजू घासलीय. दोन्ही वेळा सारखाच, आणि न्यूट्रलमध्ये उतारावरही तसाच असेल तर वर्म सोडून चाकांची बेअरिंग बघा.

पिअर्स-ॲरोचं त्या मानाने सोपं. कट्-कट् चाकाच्या फेऱ्याबरोबर येतंय, इंजिनाचा संबंध नाही. लाकडी आरे कोरड्या हवेत आकसतात, हबमध्ये किंवा रिममध्ये सैल होतात आणि प्रत्येक फेऱ्यात वजन त्या आऱ्यावर आलं की हलतात. चाक जॅकवर घ्या, एकेक आरा दोन्ही हातांनी धरून पिळा, हललेला लगेच कळेल, सांध्यापाशी रंगाला बारीक चीरही दिसेल. पाणी मारून चाक फुगवायचा उपाय लोक सांगतात, तात्पुरता आवाज जातो, पण वाळलं की परत, आणि ओल धरून लाकूड कुजतं ते निराळंच. हबचे बोल्ट आवळून बघा, त्याने भागलं तर ठीक. नाही भागलं तर आरे नवीन बसवून घ्या आणि ते होईपर्यंत गाडी जॅकवरच राहू द्या, अडीच टनांच्या घरातली गाडी आहे ती आणि वळणावर सैल आऱ्याचं चाक बसलं तर सावरायला वेळ मिळत नाही.